झुडपाला टांगलेलं श्रीखंड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. गोष्ट रंगात आल्यावर कोणी फिस्सकन हसलं की माझं डोकं फिरतं, आणि मग मी उठून जातो. आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात हा किस्सा सध्या निरनिराळ्या प्रकारे सांगितला जातो. एकात मला अस्वल भेटतं, एकात फायर ब्रिगेड येते. सगळ्यांत मी गाढव आहे. म्हणून म्हटलं, खरं काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका. त्यातही मी गाढवच आहे, पण निदान कारणासकट.

तर, माझी बायको मेधा आणि तिची थोरली बहीण शुभाताई. आम्ही नेपरव्हिलला, त्या टेक्सासात प्लेनोला. दोघी बहिणी रोज फोनवर. आमच्याकडे भाजी फोडणीला पडली की फोन लागायचा, तो भाजी करपेपर्यंत. मी वर्षानुवर्षं करपलेली भाजी खाल्ली, पण तक्रार केली नाही. बरं, केली असेल. पण त्या दोघींचं ते बोलणं म्हणजे मेधाचा प्राण, हे मला कळत होतं.

वर्षातून एकदा, स्प्रिंग ब्रेकच्या मार्चमधल्या सुट्टीत, दोन्ही घरं कुठेतरी एकत्र जातात. या वेळी ठिकाण ठरवलं माझ्या साडूंनी. प्रकाशराव. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात.

"सुहासराव, या वेळी स्कीइंग! कोलोरॅडोत एक गाव शोधलंय. एकदम रिमोट. फोनला रेंजसुद्धा नाही."

रेंज नाही हा गुण कधीपासून झाला हो? पण चौघांत मी एकटाच चिडलेला होतो. पाचवी त्यांची लेक सानिका, तिनं "व्हॉटेव्हर" म्हणून मत दिलं.

गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथे आता सगळे मला ओळखतात.

घाट चढून चढून गाडी दमली तेव्हा कुठे ते गाव आलं. एक रस्ता, एक दुकान, एक कॉफीवाला आणि डोंगरावर जाणारी पाळण्यांची लिफ्ट. बाकी सगळं पांढरं. आमची केबिन गावाच्या टोकाला. तिची व्यवस्था बघणारी लिंडा नावाची बाई, आवाज असा की बर्फ कोसळावा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या होत्या, पण तो बर्फ सारणाऱ्या गाडीनं ढकललेला ढीग, असं मी सगळ्यांना समजावलं. कारण बर्फातलं मला कळतं. नेपरव्हिलला दर हिवाळ्यात ड्राइव्हवे कोण साफ करतं? प्लेनोत काय, दोन थेंब गोठले की शाळा बंद.

पहिल्याच दिवशी मला स्कीचे बूट घातले. दोन्ही पायांत प्रेशर कुकर घातल्यासारखं वाटत होतं. शिकवणाऱ्या पोरानं मला ज्या गटात ढकललं त्यात सगळ्यांत उंच मुलगी माझ्या कमरेला लागत होती. ती मला म्हणाली, "सर, बेंड युअर नीज." मी म्हटलं, बाई गं, माझे गुडघे तुझ्या बापापेक्षा जुने आहेत. मराठीत म्हटलं, पण रागाला भाषांतर लागत नाही. ती रडायला लागली. मला गटातून काढलं.

मग मी केबिनवरच बसायचं ठरवलं. आणि बसल्या बसल्या आठवलं, की उद्या पाडवा.

आता श्रीखंड हा आमच्या घरात माझा प्रांत आहे. मेधा त्यात हात घालत नाही. दुकानातलं सगळं दही मी उचलून आणलं. दुकानदार विचारत होता, कोणी आजारी आहे का. मलमलच्या फडक्यात बांधून चक्का टांगला, कुठे माहितीय? स्की ठेवायच्या स्टँडला. त्या स्टँडचा आमच्या वास्तव्यात झालेला एकमेव उपयोग. चक्का झकास उतरला. साखर, केशर, वेलदोडा, सगळं मी घरून आणलं होतंच, मी काय मूर्ख आहे?

आणि ते सगळं भरलं माझ्या कडीच्या डब्यात. या डब्याबद्दल दोन शब्द. मंडळाच्या पॉटलकला, जिथे प्रत्येकानं एकेक पदार्थ न्यायचा असतो, माझे इतके डबे बदलले गेलेत, की एकदा स्टीलचा नेला आणि प्लॅस्टिकचा घेऊन आलो, तोही दुसऱ्याच्या आमटीचा वास येणारा. म्हणून मागच्या भारतवारीत भांडीवाल्याकडे बसून मी त्यावर नाव घालून घेतलं. आद्याक्षरं नाहीत, पूर्ण. 'सुहास दत्तात्रय खरवंडीकर, नेपरव्हिल. डबा परत करावा.' गोल फिरून अक्षरं पुन्हा सुरुवातीला भिडली होती.

श्रीखंड मुरायला गार जागा हवी. फ्रिज उघडला तर त्यात प्रकाशरावांचं चीज, प्रकाशरावांची सरबतं, प्रकाशरावांचं कसलं तरी प्रोटीन. डबा ठेवायला बोटभर जागा नाही. शिवाय स्वतः प्रकाशराव. चमचा घेऊन उभे.

"जरा साखर बघतो."

"बघितलीत ना मघाशी?"

"तेव्हा मुरली नव्हती."

"अजून अर्धा तासही झाला नाही!"

तो चमचा म्हणजे भात वाढायचा चमचा होता. मी डबा उचलला आणि तडक बाहेर पडलो. आख्खा डोंगर फ्रिज झालेला असताना चीजवाल्याच्या पाया कोण पडतो?

केबिनच्या मागे मोकळा उतार होता. बर्फ असा घट्ट की पाय जेमतेम घोट्यापर्यंत रुतत होता. म्हणजे बर्फ घोटाभर, हा माझा हिशेब. थोडं पुढे एक छोटंसं झुडूप होतं, माझ्या गुडघ्याएवढं, हिरवंगार. मी डब्याची कडी त्याच्या मधल्या काडीत अडकवली, आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून चक्क्याच्या फडक्यानं घट्ट बांधून टाकला. फडक्याची टोकं वर सोडली, म्हणजे खूण राहील.

मागे वळतो तर प्रकाशराव. फोन उंच धरून रेंज शोधत होते म्हणे.

"सुहासराव, हे झुडूप नाही वाटत. शेंडा वाटतो."

"कसला शेंडा?"

"झाडाचा. ख्रिसमस ट्रीचं टोक असतं ना, तसं दिसतंय."

"प्रकाशराव, तुम्ही प्लेनोचे ना?"

"हो."

"मग बर्फातलं मला सांगू नका. डोंगरावर वारा असतो, झाडं खुजीच राहतात."

ते फोन उंच धरून पुन्हा रेंज शोधायला लागले. मला वाटलं, पटलं.

सकाळी पडदा उघडला आणि बाहेर काहीच नाही. रात्रभर असा बर्फ पडला होता, की कालची पावलं नाहीत, फडकं नाही, झुडूप नाही. मी फावडं घेऊन धावलो. अंदाजानं जागा धरली आणि खणायला लागलो. कमरेएवढा खड्डा झाला, तरी डबा नाही. ठीक आहे, डबा नाही. पण झुडूप?

मी आत येऊन मेधाला म्हटलं, "कोणीतरी डबा नेला."

"अरे, बर्फात गाडला गेला असेल."

"खणलं मी. तिथे झुडूपसुद्धा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे झुडपासकट उपटून नेला."

"सुहास, श्रीखंडासाठी झुडूप कोण उपटेल?"

आणि तेवढ्यात केबिनच्या मागून कोण आलं? प्रकाशराव. हातात दुसरं फावडं. आणि उजव्या हातमोज्यावर पिवळा डाग. केशरी पिवळा. मला सांगा, जागा कोणाला माहीत होती? त्यांना. चमचा कोणाच्या हातात होता? त्यांच्या. कोर्टात याहून कमी पुराव्यावर माणसं आत जातात.

"हे काय आहे?" मी हातमोजा धरून विचारलं.

"मोहरीचा सॉस. काल लिफ्टपाशी प्रेट्झेल खाल्लं ना."

"मोहरी!"

"वास घ्या हवा तर."

मी वास घेतला नाही. ही माझी पहिली चूक नव्हती, पण मोठी होती. एका श्वासात मिटलं असतं सगळं.

पाडव्याचं जेवण झालं ते पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. प्रकाशराव म्हणाले, आज फारशी भूक नाही. बास. माझ्या डोक्यात कढई तापली. मी म्हटलं, "नसणारच. एवढा डबा रिचवल्यावर कशी असेल?"

शुभाताईंनी पुरी खाली ठेवली. "सुहास, माझा नवरा चोर आहे असं म्हणतोयस?"

"चोर नाही म्हटलं. खाल्लं म्हटलं."

मेधानं मध्ये पडायला नको होतं. पण ती पडली, आणि माझ्या बाजूनं पडली. "ताई, सुहास चिडका आहे, पण खोटं बोलत नाही."

"म्हणजे हे खोटं बोलतात?"

यावर मेधा गप्प बसली. ते गप्प बसणंच शुभाताईंना लागलं. त्यांनी ताट उचललं, बॅगा भरल्या, आणि दुपारी प्लेनोवाले निघून गेले. सानिका जाताना एवढंच म्हणाली, "यू गाइज आर सो वीअर्ड."

त्यानंतर फोन बंद. एप्रिल गेला, मे गेला. आमच्या घरी भाजी करपेनाशी झाली. पहिल्यांदा आयुष्यात मी चांगली भाजी खात होतो आणि ती घशाखाली उतरत नव्हती. मेधा ओट्यावर, फोडणीच्या डब्याशेजारी फोन ठेवायची, सवयीनं. तो वाजायचा नाही. तीही लावायची नाही. माझ्या शब्दाखातर तिनं बहीण सोडली होती, आणि एकदाही मला बोलून दाखवलं नाही. मला वाईट वाटत होतं. पण माझं असं आहे, वाईट वाटलं की मला आणखी राग येतो. कोणावर? अर्थात प्रकाशरावांवर. एक डबा श्रीखंडापायी बघा काय करून ठेवलं या माणसानं, असं मी रोज मनात म्हणत असे.

जूनअखेर सासूबाई आल्या, साताऱ्याहून. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण मुलींच्या आवाजावरून आयांना कळतंच. त्यांनी दोघींना एकच सांगितलं, "मला दोघी एका घरात, एका पंगतीला बसलेल्या बघायच्यात. आणि ते तुमचं बर्फाचं गाव फोटोत छान दिसतं, तिथंच जाऊ."

नको का म्हणायचं, हे कोण सांगणार? जुलैत आम्ही परत त्याच घाटात.

गाव ओळखू येईना. सगळीकडे गवत, निळी-पिवळी फुलं, खळाळता ओढा, सायकली घेऊन हिंडणारी माणसं. लिफ्टचे पाळणे रिकामे लोंबत होते. प्लेनोवाले आधीच पोचले होते. शुभाताई आईच्या गळ्यात पडल्या. मेधा बाजूला उभी राहून बॅगेची चेन उघडत-लावत होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. प्रकाशराव मला "या" म्हणाले. मी "हं" म्हटलं.

मग मला तो जिना दिसला.

मार्चमध्ये आम्ही गाडीतून उतरून बर्फाच्या चढावरून सरळ दारात चालत गेलो होतो. आता दारापर्यंत चांगला उंच लाकडी जिना होता. मी लिंडाला गाठलं आणि विचारलं, हा जिना कधी बांधला?

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, केबिन बांधली तेव्हाच. मार्चमध्ये तुम्ही त्याच्या वरून चालत होतात.

पण मी मनात म्हटलं, दारापुढे ढीग असेल. मागे नसेल.

सगळे मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसले. सासूबाई डोळ्यांवर हात धरून वर बघत होत्या.

"अगं शुभा, ते झाडावर काय चमकतंय?"

मी बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं. पण बाकीचे बघायला लागल्यावर किती वेळ चहाकडे बघणार? मान वर केली. मागच्या उतारावर दुमजली घराएवढं उंच झाड, आणि त्याच्या अगदी शेंड्याला काहीतरी उन्हात लखलखत होतं. त्याच्यावर एक पांढरं फडकं फडफडत होतं.

प्रकाशरावांनी शांतपणे खुर्ची माझ्याकडे वळवली आणि हाताची घडी घालून बसले. बोलले असते तर परवडलं असतं.

तेवढ्यात लिंडा आली, आणि तिच्या त्या आवाजात सांगायला लागली. बर्फ उतरत गेला तसं ते वर वर येत गेलं म्हणे. दर वर्षी झाडांत हातमोजे सापडतात, चष्मे सापडतात, पण असं काही कधी नाही. आधी तिला काढायचं होतं. मग तिनं दुर्बिणीतून बघितलं, तर भोवती कोरलेली अक्षरं, वर पांढरी पताका. तिच्या लक्षात आलं, की हे धार्मिक आहे. म्हणून कोणी हात लावला नाही. कॉफीवाल्याकडे येणारे लोक मुद्दाम बघायला येतात. गावातल्या योगवाल्या बायका सकाळी त्याच्याखाली बसतात. खूप शांत वाटतं, म्हणाल्या.

"तुम्ही इंडियाचे ना? ती प्रार्थना काय आहे, सांगाल का?"

तिनं दुर्बीण पुढे केली. मी हात पुढे केला, पण सासूबाईंनी आधी घेतली. त्या डोळ्याला लावून, मास्तरीणबाईंसारख्या ठासून वाचायला लागल्या. मध्येच अक्षरं पलीकडे वळत होती, तर त्या उठून झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या.

"सुहास... दत्तात्रय... खरवंडीकर... नेपरव्हिल... डबा... परत करावा."

लिंडा हात जोडून ऐकत होती. "व्हॉट डझ इट मीन?"

सानिकानं फोनमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "इट्स माय अंकल्स नेम. अँड इट सेज गिव्ह इट बॅक."

लिंडानं झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग जरा हळू आवाजात, म्हणजे आपल्या मोठ्या आवाजात, विचारलं, "पण ते तिथे कोणी ठेवलं?"

याचं उत्तर सगळ्यांनाच हवं होतं.

मला भयंकर राग आला. झाडाचा, बर्फाचा, योगवाल्या बायकांचा, भांडीवाल्याचा, कशाला इतकी खोल अक्षरं कोरलीस म्हणून. मी लिंडाला म्हटलं, शिडी आण. ती म्हणाली, माणूस बोलावते. मी म्हटलं, माझा डबा आहे, मीच काढणार. तिनं छपरावरचा बर्फ पाडायची लांबलचक शिडी आणली. प्रकाशरावांनी उठून ती धरली. मी चढलो.

चढताना माणूस वर बघतो. शेंड्याशी पोचल्यावर मी खाली बघितलं. बघायला नको होतं. सगळं गाव पायाखाली, आणि शिडी वाऱ्यावर झुलत होती. मी एका हातानं झाड आणि दुसऱ्यानं डबा धरला.

"प्रकाशराव, घट्ट धरा!"

"धरलीय. एक विचारायचं होतं."

"आत्ता?"

"आत्ताच. मोहरी की केशर?"

"शिडी हलतेय हो!"

"मीच हलवतोय. मोहरी की केशर?"

"मोहरी! मोहरी!"

"झुडूप की झाड?"

"झाड. ख्रिसमस ट्री. शेंडा. तुम्ही म्हणालात तोच शेंडा."

"हे मला नाही, शुभाला सांगा."

मग मी त्या उंचीवरून, झाडाला मिठी मारून, मोठ्यानं सांगितलं. "शुभाताई, चुकलो. यांनी नाही खाल्लं. मेधाची काही चूक नाही, तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच." आवाज चिरकला. उंचीमुळे असेल. पाळण्यांपाशी उभे असलेले सायकलवाले टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, प्रार्थना सुरू झाली.

घाईत माझा अंगठा झाकणावर दाबला गेला आणि झाकण निसटलं. मार्चचं श्रीखंड, जुलैच्या उन्हात शिजलेलं. त्या वासाचं वर्णन मी चहाच्या वेळी करणार नाही. माझे डोळे मिटले, श्वास बंद झाला. खाली काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

आधी शुभाताईंना हसू फुटलं. मग मेधाला. मग दोघींचं एकत्र, तसंच, फोनवरचं, भाजी करपेपर्यंत चालणारं. कितीतरी महिन्यांनी मी ते ऐकत होतो. मला इतकं बरं वाटलं, की क्षणभर राग कुठे ठेवलाय तेच सापडेना.

मग मेधा, मार्चपासून पहिल्यांदा, आपल्या बहिणीशी बोलली.

"ताई, शिडी काढून घेऊ या का गं?"

"घेऊ," शुभाताई म्हणाल्या, "पण आधी चहा टाक. हे दोघं बसू देत तिथंच. एक वर, एक खाली."